आकृतीत न दाखवलेला अवयव: बायकांचं लैंगिक आरोग्य, स्वसुख आणि आपलं लैंगिक शिक्षण

सांजपाखरू

शाळेच्या पुस्तकात प्रजननसंस्थेच्या दोन आकृत्या असतात. पुरुषाच्या आकृतीत शिश्न असतं, कारण त्याच्याशिवाय धडा पुढे सरकत नाही. स्त्रीच्या आकृतीत गर्भाशय, बीजांडकोश, बीजवाहिन्या, योनिमार्ग असतात आणि शिश्निका (क्लिटोरिस) बहुतेक वेळा नसते, कारण तिच्याशिवायही मूल होतं. बाईच्या शरीरातला जो भाग फक्त तिच्या सुखासाठी आहे तो परीक्षेला नाही, म्हणून पुस्तकात नाही, म्हणून शिक्षकांच्या बोलण्यात नाही. मग पुढे डॉक्टरपाशीही त्याबद्दल अवाक्षर काढायचं नसतं, अशी तिची समजूत होऊन बसते.

हे वगळणं निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही. लैंगिक शिक्षण म्हणून जिला फक्त पाळी, गर्भ राहण्याची भीती आणि रोगांची यादी मिळते, तिला आपलं शरीर म्हणजे सांभाळायची जोखीम इतकंच कळतं. मोठेपणी संबंधाच्या वेळी दुखलं तर 'दुखतंच की' म्हणून ती गप्प बसते. बरं कसं वाटतं हेच जिला ठाऊक नाही, तिने बिघडलंय हे ओळखायचं कशावरून?

थोडा इतिहास, कारण तो गमतीचाही आहे आणि चीड आणणाराही. इटलीतले शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांच्या १५५९ मध्ये छापलेल्या ग्रंथात हा अवयव आपण शोधल्याचा दावा आहे. (निम्म्या जगाजवळ तो आधीपासून होता, पण असो.) १८४४ मध्ये जर्मनीच्या कोबेल्ट यांनी आतल्या रचनेच्या बारीकसारीक आकृत्या काढल्या. म्हणजे माहिती होती. तरी नंतरच्या पाठ्यपुस्तकांत ती आक्रसत गेली, आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांना शवविच्छेदन करून पुन्हा सांगावं लागलं की बाहेर दिसतो तो वाटाण्याएवढा भाग म्हणजे सगळी शिश्निका नव्हे. तिचे दोन पाय जघनास्थीच्या कडेने मागे जातात, दोन फुगीर भाग योनिमार्गाला दोन्ही बाजूंनी बिलगून असतात, आणि उत्तेजित झाल्यावर हे सगळं रक्ताने भरतं. एकूण लांबी नऊ-दहा सेंटिमीटरच्या आसपास. त्याच १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली. पुरुषांसाठी गोळी बाजारात येत होती तेव्हा बायकांची मोजमापं घेणं चालू होतं.

मधल्या काळात फ्रॉइडबुवांनी १९०५ मध्ये सांगून ठेवलं होतं की वयात आल्यावर बाईची संवेदना शिश्निकेकडून योनीकडे सरकली पाहिजे, नाही सरकली तर ती बाई मनाने अपरिपक्व. याला शरीराचा कसलाही आधार नव्हता. तरी कितीतरी वर्षं डॉक्टर त्यावरून बायकांना 'थंड' ठरवत राहिले. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (प्रसिद्धी २०१८) केवळ योनीसंबंधातून ऑर्गॅझम, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, येतो असं सांगणाऱ्या बायका सुमारे १८ टक्के निघाल्या. म्हणजे बहुसंख्य बायका 'बिघडलेल्या' होत्या, किंवा मग नकाशाच चुकीचा होता.

स्वसुखाबद्दल, म्हणजे हस्तमैथुनाबद्दल, मुद्दाम लिहितेय. आपलं शरीर कशाला कसा प्रतिसाद देतं हे कळण्याची ती सगळ्यात सुरक्षित रीत आहे. गर्भ राहत नाही, संसर्गाची भीती जवळपास नाही, कुणाची मर्जी राखायची नाही. तरी लैंगिक शिक्षणात त्याचा उल्लेख आलाच तर मुलांच्या संदर्भात येतो, मुलींच्या नाही. तुम्हाला काय वाटतं? खाली प्रतिसाद लिहा.

तिरपागडा

लेख माहितीपूर्ण, त्याबद्दल वाद नाही. पण शाळेत हे शिकवायची गरज काय? पशुपक्ष्यांना कोण वर्ग घेऊन शिकवतं? निसर्ग आपोआप शिकवतो. आधीच मोबाइलवर नको ते सगळं दिसतंय, त्यात शाळेने आणखी 'आनंद' शिकवायला घेतला तर झालंच कल्याण. पाळी आणि रोगांपासून बचाव इथपर्यंत ठीक.

खडूफळा

तिरपागडा, निसर्ग आपोआप शिकवत असता तर तुमच्या त्या मोबाइलवरच्या गोष्टींचा एवढा धंदा झाला नसता. मुलं शिकतातच. कुणाकडून, हा प्रश्न आहे.

मी किशोरवयीन मुलामुलींना शिकवते. 'आनंद शिकवणं' म्हणजे कृती शिकवणं असं लोकांच्या डोक्यात बसलंय, आणि तिथेच गाडी अडते. युनेस्कोची लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये सुधारून पुन्हा आली. त्यात वयानुसार टप्पे आहेत. लहानपणी अवयवांची खरी नावं, कोणता स्पर्श नको, नको असेल तर कुणाला सांगायचं. वयात येताना शरीरातले बदल, भावना, खासगीपण. पुढे संमती, गर्भनिरोध, नात्यातली बळजबरी ओळखणं. हस्तमैथुनाबद्दल सांगायचं ते चार वाक्यांत होतं: यात आजार नाही, पाप नाही, ही खासगी गोष्ट आहे, आणि करावंसं वाटत नसेल तर तेही ठीक. वर्गात कुणी फिदीफिदी हसतं, मग शांतता होते, मग खरे प्रश्न येतात.

प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता, डब्यात टाकायचे. मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत मापं आणि ताकद. मुलींच्या चिठ्ठ्यांत बहुतेक वेळा एकच सूर: 'माझं असं असं आहे, हे नॉर्मल आहे का?' कुणाला दोन बाजूंचे भगोष्ठ (योनीमुखाबाहेरचे ओठ) सारखे नाहीत म्हणून काळजी, कुणाला रोज येणारा पांढरा स्राव म्हणजे रोग वाटतो. भगोष्ठ सगळ्यांचे वेगळे असतात, बहुतेकींचे दोन्ही बाजूंना असमान असतात, आणि पाळीच्या चक्रानुसार बदलणारा, वास नसलेला स्राव हे शरीराचं रोजचं कामकाज आहे. एवढं सांगितलं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. अशा मुलीला नंतर खरोखर खाज किंवा दुर्गंधी आली तर ती बोलते.

आणि शिकवल्याने मुलं बिघडतात म्हणाल, तर लैंगिक शिक्षणामुळे संबंध लवकर सुरू होतात असं जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. युनेस्कोच्या त्याच कागदपत्रात तो आढावा आहे. उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, लैंगिक आरोग्याच्या ज्या कार्यक्रमांत भीतीबरोबर सुखाबद्दलही बोललं गेलं होतं त्यांत कंडोमचा वापर वाढलेला आढळला. विचार केला तर यात आश्चर्य नाही. फक्त भीती घालणाऱ्या मास्तरांचं आपण कधी ऐकलं होतं?

बोरूबहाद्दर

'पाळी आणि रोगांपासून बचाव इथपर्यंत ठीक' हे वाचून रघुनाथ धोंडो कर्वे आठवले. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक त्यांना पत्रं लिहीत, हस्तमैथुनाबद्दलही विचारत, आणि कर्वे सरळ, न बुजता उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील मानता येणार नाही आणि लोकांच्या प्रश्नांना ज्ञानाने उत्तर द्यायला हवं, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक तरी चालू राहिलं. बायकांनाही कामसुखाचा पुरुषांइतकाच हक्क आहे हे कर्वे तेव्हा लिहीत होते.

नव्वद वर्षं झाली की हो. वाद तोच, फक्त मासिकाऐवजी धागा.

स्टेथो

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. थोडं माझ्या बाजूने.

सांजपाखरूंनी 'दुखतंच' लिहिलंय, तो माझ्याकडचा रोजचा शब्द आहे. संबंधाच्या वेळी दुखणं याची बरीच कारणं असतात आणि बहुतेकांवर उपाय असतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप घट्ट आवळले जाणं, म्हणजे व्हजायनिस्मस: यात बाई मुद्दाम काही करत नसते, 'सैल सोड' म्हणून ओरडण्याचा उपयोग शून्य. फिजिओथेरपी, हळूहळू मोठ्या आकाराचे डायलेटर (योनीत घालायच्या गुळगुळीत नळ्या) आणि समुपदेशन यांनी चांगला गुण येतो. खोलवर दुखणं, सोबत पाळीत असह्य वेदना, हे एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं, लक्षण असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना तो असतो, आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बाई सांगत नाही, सांगितलं तर घरचे आणि डॉक्टरही 'बायकांना दुखतंच' म्हणतात.

हस्तमैथुनाबद्दल जे मला दबक्या आवाजात विचारलं जातं त्याची उत्तरं: अशक्तपणा येत नाही. वंध्यत्व येत नाही. पीसीओएस (बीजांडकोशांशी संबंधित हार्मोनचा विकार) होत नाही, केस गळत नाहीत, मुरमं येत नाहीत, योनी 'सैल' होत नाही. नवऱ्याला किंवा डॉक्टरला तपासून कळत नाही. योनिपटलाबद्दलही हेच. ते खेळताना किंवा टॅम्पॉनने फाटू शकतं, किंवा कशानेच न फाटता लवचीक राहू शकतं. त्यावरून 'कौमार्य' ठरवण्याची कुठलीही वैद्यकीय तपासणी नाही. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून अशा चाचण्या बंद करा म्हणून आवाहन केलं ते उगाच नाही.

काळजी घ्यायची ती साधी. हात धुतलेले, नखं कापलेली. गुदद्वाराला लागलेली वस्तू किंवा बोट न धुता योनीला लावायचं नाही, मूत्रमार्गाचे आणि योनीचे संसर्ग तिथून होतात. वस्तू खास त्याच कामासाठी बनवलेली, सच्छिद्र नसलेली हवी. घरातली हाताला लागेल ती वस्तू नको, आत तुटलेली किंवा अडकलेली वस्तू काढायला माझ्याकडे यावं लागतं आणि तेव्हा लाज वाटून उशीर केला की त्रास वाढतो. आतून साबण, सुगंधी वॉश, पाण्याचे फवारे यांतलं काहीही नको. निरोगी योनीचा पीएच ३.८ ते ४.५, म्हणजे आम्लधर्मी. तो राखायला तिथले जिवाणू समर्थ आहेत, तुमचं 'हायजीन' त्यांचं काम बिघडवतं.

मुखवटा

स्टेथो, नाव न दिसणारं ठिकाण आहे म्हणून विचारते. लग्नाला बरीच वर्षं झाली. संबंधात मला कधी काही 'झालं' नाही आणि मी धरून चालले होते की माझ्यातच खोट आहे. हल्ली व्हायब्रेटरने पहिल्यांदा कळलं की सगळं व्यवस्थित चालतं. आनंद झाला आणि रडूही आलं, इतकी वर्षं गेली म्हणून. आता भीती ही की याची सवय लागून तिथली संवेदना बधिर होईल का?

स्टेथो

नाही. बराच वेळ वापरल्यावर तात्पुरतं सुन्न वाटतं, थोड्या वेळात जातं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक बायकांनी कधी ना कधी व्हायब्रेटर वापरल्याचं सांगितलं होतं, आणि बहुतेकींना काहीही त्रास झालेला नव्हता. एकाच पद्धतीची शरीराला ओळख जास्त होते हे खरं, मग अधूनमधून कमी वेग, हात, वेगळी जागा असं बदलून बघा.

वापरून झाल्यावर धुवा. दुसऱ्या कुणाबरोबर वापरायचा तर त्यावर कंडोम, आणि माणूस बदलला की कंडोमही बदला. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं वंगण लावू नका, पृष्ठभाग खराब होऊ शकतो. पाण्यावर आधारित वंगण चालतं. आणि तेल किंवा व्हॅसलिन लॅटेक्स कंडोमबरोबर कधीच नाही, कंडोम फाटतो. हे शेवटचं दोन्ही पक्षांनी पाठ करावं.

अर्धविराम

मी नवरा या बाजूने लिहितो. बायको स्वतः काही करते हे कळलं तेव्हा पहिली भावना प्रामाणिकपणे सांगायची तर 'मी कमी पडतो' अशीच होती. विचारलं नाही, तोंड पाडून बसलो. वरचं १८ टक्क्यांचं वाक्य वाचून जरा बरं वाटतंय. पण मग पुरुषाने नक्की करायचं काय?

सांजपाखरू

अर्धविराम, तुम्ही विचारलंत, बरेच जण तेवढंही करत नाहीत.

तुम्ही स्वतः लग्नानंतर हस्तमैथुन पूर्ण थांबवलंत का? मला उत्तर नको. पण बहुतेक पुरुष थांबवत नाहीत आणि त्याचा अर्थ 'बायको कमी पडते' असा काढत नाहीत. लैंगिकतेचे अमेरिकी अभ्यासक किन्सी यांच्या १९५३ च्या अहवालात सुद्धा ६२ टक्के बायकांनी कधीतरी हस्तमैथुन केल्याचं सांगितलं होतं, आणि तो काळ बघता किती जणींनी सांगितलं नसेल याचा अंदाज करा. त्यामुळे हे काही नवीन खूळ नाही.

आणि ते तुमच्या विरोधात नाहीच. ज्यांना ऑर्गॅझम कधीच आलेला नाही अशा बायकांसाठी १९७२ मध्ये लोपिकोलो आणि लोबिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी जी उपचारपद्धत मांडली तिचा पायाच मुळी हा आहे: आधी तिने एकटीने, आरशात बघून, हाताने, सावकाश आपलं शरीर ओळखायचं, मग जोडीदाराला सांगायचं, दाखवायचं. आजही सेक्सथेरपीत ती वापरतात. जिला स्वतःला ठाऊक आहे तीच सांगू शकते. तुमचं काम म्हणजे सांगितलेलं ऐकणं आणि ऐकल्यावर फुगून न बसणं.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा एक अमेरिकी अभ्यास आहे. संबंधात नेहमी किंवा बहुतेक वेळा ऑर्गॅझम येतो असं म्हणणारे भिन्नलिंगी पुरुष ९५ टक्के, समलिंगी स्त्रिया ८६ टक्के, आणि भिन्नलिंगी स्त्रिया ६५ टक्के. बायकांचं शरीर फार गूढ आणि किचकट असतं असं म्हणणाऱ्यांनी मधला आकडा पुन्हा वाचावा. शरीर तेच आहे.

जुनंपान

तुमच्या सगळ्यांच्या वयाच्या पुढची आहे मी. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, यजमान जाऊनही झाली. विधवा बाईने या धाग्यावर लिहायचं की नाही असा विचार दोन दिवस केला आणि मग म्हटलं, आता कुणाला घाबरायचं?

पाळी गेल्यावर कोरडेपणा आला. संबंध सोडा, चालताना, लघवी करताना सुद्धा जळजळ. एका डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले, 'आता या वयात कशाला हवंय ते?' म्हणजे त्यांच्या मते योनीचा एकच उपयोग, आणि तो संपला. मी बसण्याउठण्याचं बोलत होते! दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. काही आठवड्यांत फरक पडला.

आणि उरलेलं: इच्छा वयाबरोबर निघून जाते असं मला कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं. माझी गेली नाही. नवरा गेल्यावर काही काळ सगळं गोठलं होतं, मग एक दिवस शरीर आपलं आपण जागं झालं. आधी मेलेल्या माणसाशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. मग विचार केला, त्यांना हसू आलं असतं. रात्री शांत झोप लागते, ओटीपोटात उब राहते, आणि कुणाला उत्तर द्यायचं नाही. ज्यांना अवघड वाटलं असेल त्यांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

खडूफळा

जुनंपान, मावशी, पुढचा प्रतिसाद माझा आला म्हणून सांगते, मला अजिबात अवघड वाटलं नाही. लिहीत राहा.

स्टेथो

मावशींच्या दुसऱ्या डॉक्टरांनी योग्य केलं. रजोनिवृत्तीनंतर अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काळाने कमी होतं, पण हा कोरडेपणा आपोआप बरा होत नाही, उपचार न केल्यास वाढत जातो. वारंवार लघवीचे संसर्ग हेही त्याचंच रूप असू शकतं. स्थानिक इस्ट्रोजेनचा डोस अगदी कमी असतो, रक्तात फारसा उतरत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी कॅन्सरतज्ज्ञांना विचारायचं. हार्मोन नको असेल तर योनीसाठीचे मॉइश्चरायझर नियमित आणि वंगण वेळेपुरतं, असं दोन्ही वापरता येतं. हस्तमैथुनाने तिथला रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे 'या वयात कशाला' याचं वैद्यकीय उत्तरही आहे.

दोन गोष्टी मात्र थांबून बघायच्या नाहीत. पाळी गेल्यानंतर एक वर्षाने थेंबभर जरी रक्त दिसलं तर तपासणी. आणि कुठल्याही वयात संबंधानंतर रक्त येत असेल तर तपासणी. बहुतेक वेळा किरकोळ निघतं, पण गर्भाशयमुखाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर असाच लवकर सापडतो. ३० वर्षांपुढे एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) तपासणी ५ ते १० वर्षांनी करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, लक्षणं नसली तरी.

तिरपागडा

ठीक, मावशींच्या प्रतिसादापुढे मी गप्प. पण एक शंका राहतेच. व्यसन लागतं त्याचं काय? काम सोडून तेच करत बसणारे लोक आहेत. पॉर्न बघून बघून डोकी फिरलेली आहेत. 'सगळं नॉर्मल' असा शिक्का मारून मोकळं व्हायचं का?

सांजपाखरू

रास्त शंका. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचं निदान आहे. काम, नाती, तब्येत यांचा बट्ट्याबोळ होतोय, थांबवायचे प्रयत्न पुन्हापुन्हा फसताहेत, सुख मिळेनासं झालं तरी चालूच आहे, आणि हे महिनोन्‌महिने, तर मदत घ्यायची. पण त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की केवळ 'हे वाईट आहे' या नैतिक अपराधभावातून येणारा त्रास निदानाला पुरेसा नाही. किती वेळा करता हा निकष नाही.

मला यात घोळ कुठे दिसतो सांगू? आपण बायकांच्या बाबतीत थेट रोगच धरून चालत आलो. लंडनचे सर्जन आयझॅक बेकर ब्राउन १८६० च्या दशकात फेफरं आणि उन्मादावर उपाय म्हणून बायकांची शिश्निका कापून टाकत. १८६६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, पुढच्या वर्षी व्यवसायबंधूंच्या संस्थेने हाकललं, पण तोवर कितीतरी जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. आणि १९९४ मध्ये, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हयातीत, अमेरिकेच्या सर्जन जनरल (सरकारच्या सर्वोच्च आरोग्य प्रवक्त्या) जॉयसेलिन एल्डर्स यांनी हस्तमैथुन हा माणसाच्या लैंगिकतेचा भाग आहे आणि कदाचित शिकवायला हवा असं एका परिषदेत प्रश्नाला उत्तर देताना म्हटलं, तर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना पद सोडायला लावलं. क्लिंटन यांनी! मी यावर अधिक काही लिहीत नाही.

पॉर्नबद्दल तुमच्याशी सहमत आहे. तिथे बाईला दोन मिनिटांत, कशानेही, मोठ्याने सुख मिळतं. शाळेत आकृतीच अपुरी असेल तर मुलं ती आकृती तिथून पूर्ण करतात.

कडेकडेने

थोडा उलटा सूर. मला इच्छा होत नाही. कधीच झाली नाही. तपासण्या केल्या, हार्मोन ठीक, मन ठीक. अशा धाग्यांवर येऊन वाचलं की वाटतं, पूर्वी 'सुख घेतेस कशी' म्हणून बोल लावायचे, आता 'सुख घेत का नाहीस' म्हणून लावतील. आरोग्याच्या नावाखाली ही आणखी एक कामगिरी होऊ नये.

खडूफळा

हा प्रतिसाद मी वर्गात वापरणार आहे. माझ्या त्या चार वाक्यांतलं शेवटचं वाक्य मी नेहमी घाईत उरकते.

स्टेथो

कडेकडेने, तुम्हाला त्याचा त्रास होत नसेल तर तो आजार नाही. वैद्यकीय निदानात सुद्धा त्या व्यक्तीला स्वतःला क्लेश होणं ही अट आहे. नवऱ्याला किंवा सासरला होणारे क्लेश धरत नाहीत. आधी इच्छा होती आणि अचानक गेली, तर मात्र बघायला हवं: थायरॉइड, प्रसूतीनंतरचा काळ, स्तनपान, नैराश्य, काही गोळ्या, नात्यातला ताण.

मुखवटा

गोळ्यांवरून आठवलं. माझ्या बहिणीला नैराश्यासाठी औषध चालू आहे, तेव्हापासून तिला काहीच जाणवत नाही म्हणते. मनाने बरी आहे म्हणून ती बोलत नाही, आणि मनातून गोळी सोडायच्या विचारात आहे. काय सांगू?

स्टेथो

स्वतःहून सोडायची नाही, हे पहिलं. एकदम थांबवल्याने चक्कर, बेचैनी होते आणि नैराश्य परत येऊ शकतं. एसएसआरआय या नैराश्यावरच्या नेहमीच्या गटातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, ऑर्गॅझम उशिरा येणं किंवा न येणं हा ओळखीचा, नेहमी दिसणारा परिणाम आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यावर पर्याय असतात: डोस कमी करून बघणं, औषध बदलणं, बुप्रोपिऑनसारखं वेगळ्या गटातलं औषध देणं. पण त्यांना कळलं तर ते करतील. विचारलं नाही म्हणून बरेच डॉक्टरही विषय काढत नाहीत.

तोंडाने बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहून समोर ठेवायला सांगा: 'ही गोळी सुरू झाल्यापासून मला ऑर्गॅझम येत नाही, दुसरी देता येईल का?' तारीख आणि गोळीचं नाव खाली लिहा.